आमटीतले दोन पक्ष

शपथेवर सांगतो, ही कथा अक्षरशः खरी आहे; मी तिथे हजर होतो. हजर म्हणजे, ज्याने मला ती सांगितली तो हजर होता. तोही तसा नंतरच पोहोचला म्हणे. असो, सत्याला इतके खोदू नये.

एकदा एक शिष्य व्हिडिओ गेम तयार करत होता. डोंगरावर आश्रम, आश्रमात वीज आणि त्या विजेवर त्याचा संगणक. वर्षानुवर्षे खपून त्याने एक राज्य उभे केले होते. तिथल्या तळ्यात चंद्र हलायचा, वाऱ्याने गवताची पाती वाकायची. राज्यात दोन पक्ष, लाल आणि निळा. खेळणाऱ्याने एक निवडायचा आणि दुसऱ्याशी लढायचे. चार दिवसांनी एक व्यापारी तो खेळ पाहायला येणार होता. त्याला रुचला तर खेळ जगभर जाणार. नाही तर शिष्य वडिलांच्या फरशीच्या दुकानात.

"गुरुजी, एकदा खेळून बघा ना," त्याने गळ घातली.

गुरुजींनी चष्मा पुसला, लाल पक्ष घेतला आणि निळ्यांना हरवले. मग निळा घेऊन लालांना हरवले. मग मोठी जांभई दिली.

"आवडला नाही का?"

"चंद्र छान आहे हो," असे म्हणून गुरुजी उठले ते थेट स्वयंपाकघरात. तिथे सर्वांसमक्ष त्यांनी जाहीर केले, "आश्रमात आमटी एकाच तऱ्हेची होते. आजपासून तिच्यात गूळ घालायचा की नाही, ते या शिष्यानं संध्याकाळपर्यंत ठरवायचं."

शिष्याला वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. व्यापारी दाराशी येऊन ठेपलाय आणि यांना आमटी सुचतेय!

तासाभरात आश्रम दुभंगला. स्वयंपाक सांभाळणाऱ्या यमुनाकाकू पदर खोचून आल्या. "तापानं फणफणला होतास, तेव्हा माझ्या हातची गुळाची आमटी भुरकून उठलास. विसरलास होय रे मेल्या?"

त्यांच्यामागून आले वऱ्हाडातले बापूजी. शिष्याला संगणक शिकवला तो यांनीच. "आमटीत गूळ? मग भातावर बासुंदीच ओता ना!" ते आधी गरजले, मग आवाज उतरला. "इतकी वर्षं मुकाट्यानं खातोय, पोरा. आई गेल्यापासून तिखट आमटी जिभेला लागली नाही."

गोठ्यावरचे दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. गूळवाल्यांचा एक पुढारी चोरून मिरची मागताना पकडला गेला. चिंचवाल्यांनी तर तिसरीच आघाडी उघडली.

संध्याकाळी शिष्य डोके धरून गुरुजींपुढे बसला. "नाही ठरत! गूळ म्हणावं तर बापूजींचा चेहरा दिसतो, नको म्हणावं तर काकूंचा."

"आणि सकाळी लाल-निळ्यातलं मला किती पटकन ठरवता आलं, पाहिलंस?" गुरुजी हसले. "लालांत मला ओळखणारं कुणी नव्हतं. निळे हरले तर त्यांचं काय जाईल, तेही ठाऊक नव्हतं. बाळ, झेंडा कुणीही उचलतो. पण त्याच्याखाली उभं असलेलं एखादं माणूस असं हवं, की त्याला दुखावताना आपला हात थबकावा. तो थबकला की कथा सुरू झाली."

शिष्य उठला. "काकू, दोन पातेली चढवा!" असे ओरडत संगणकाकडे धावला.

व्यापारी आला, लाल पक्ष घेऊन ऐटीत खेळू लागला. अर्ध्या वाटेत पूर आला आणि एका बडबड्या नावाड्याने त्याला पैलतीरी नेले. पुढे निळ्यांच्या किल्ल्याच्या दारात भाला घेऊन उभा होता तोच नावाडी. व्यापाऱ्याचे बोट थांबले.

"याला टाळून नाही का जाता येणार?"

"नाही, शेठ."

"पण यानंच तर मला..." व्यापारी विचारात पडला. जेवायची हाक आली, ती त्याला ऐकूच गेली नाही. शिष्याने गुरुजींकडे पाहून नुसते हात जोडले.

कथा इतकी, आणि खरी. फक्त दोन पातेल्यांनी भांडण मिटले, असे तुम्हाला वाटले असेल, तर तेवढी पातेली मी माझ्या पदरची चढवली. आश्रमात अजून एकच पातेले आहे आणि निर्णय अजून व्हायचाय.