उंबरातली केंबरं आणि मुंगळ्यांची चटणी

मला गोष्टी सांगायची हौस नाही. शाळेच्या बाई तीनदा घरी आल्या, पोरांसाठी काहीतरी बोधाचं लिहून द्या म्हणून. मी म्हटलं, मी चौथीतून पळालेला माणूस, मला कसला बोध विचारता? त्या हलेनात. दोनदा चहा प्याल्या आणि तिसऱ्यांदा कागद ठेवून गेल्या. तेव्हा घ्या ही गोष्ट. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा, पण मधली एकही ओळ गाळायची नाही.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावाला बाळोजी गावडे नावाचा एक मानकरी होता. माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःचं नाक चार बोटं वर धरून चालायची सवय होती.

गावाची एक रीत होती. चैत्रात देवळापुढच्या उंबराखाली गावजेवण व्हायचं. प्रत्येक घरानं आपल्या चुलीवरचं एक भांडं आणायचं. मानकऱ्यानं प्रत्येक भांड्यातलं बोटभर चाखायचं, मग ते पंगतीत फिरायचं. मानकऱ्यानं चाखलं नाही, तर भांडं तिथंच मातीत उपडं करायचं आणि त्या घरानं वर्षभर पंगतीला बसायचं नाही. नुसती पंगत गेली तर एक वेळ चालेल. पण पंगत तुटलेल्या घराच्या लावणीला कुणी येत नसे. पावसाळा दोन महिन्यांवर, आणि नवराबायको दोघांनीच सगळं भात लावायचं म्हणजे रोपं वाफ्यातच पिवळी पडायची.

त्या वर्षी धाकलू बापापासून वेगळा राहिला होता. त्याची बायको सोमी वरच्या जंगलातल्या वाडीची. त्यांचं भांडं पहिल्यांदाच पंगतीला येणार होतं. सोमीनं ठरवलं, आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं ते न्यायचं. देवळापुढच्या त्याच उंबराच्या शेंड्याला तांबड्या मुंगळ्यांनी पानं शिवून घरटी केली होती. ती वर चढली. हातभर चावे खाल्ले, पण घरटी उतरवली. मुंगळे अंड्यांसकट भाजले, लसूण, मिरची आणि मीठ घालून पाट्यावर वाटले. आंबट, झणझणीत चटणी झाली.

गावजेवणाच्या दिवशी मानकरी चाखत चाखत आला. पिठलं झालं, वांगं झालं, गणू तांडेलाची जवळ्याची चटणी झाली. सोमीच्या भांड्याशी तो वाकला आणि तसाच मागं सरला.

"हे काय आहे?"

"मुंगळ्यांची चटणी," सोमी म्हणाली.

पंगतीत कुणीतरी ओकल्यासारखा आवाज काढला. हशा पिकला.

"किडे खाणाऱ्या घरचं मी चाखत नसतो," मानकरी म्हणाला. "धाकलू, भांडं उपडं कर."

धाकलूची मान खाली गेली. तो हळूच बायकोला म्हणाला, "कर उपडं आणि गप बस. पुढच्या वर्षी वाल आणू."

"घरी ही चटणी असली की तू दोनदा भात मागतोस," सोमी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तेव्हा नाही वाल आठवत."

धाकलू आणखी खाली वाकला. सोमीनं भांडं उचललं, पण उपडं केलं नाही. कमरेवर घेतलं आणि ती मानकऱ्याला म्हणाली, "उपडं करते. पण रीत सगळ्यांना एक हवी. किडा निघेल ते भांडं मातीत, असंच ना?"

"असंच," मानकरी म्हणाला. त्याला वाटलं, बाई वठणीवर आली.

सोमी गणू तांडेलाकडं वळली. "गणूभावजी, तुमच्या जवळ्याला पाय किती असतात?"

"कोण मोजतंय?" गणू म्हणाला. "आणि तो पाण्यातला आहे."

"माझा झाडावरचा आहे. पाय तुमच्यालाच जास्त."

पुन्हा हशा पिकला, पण या खेपेला गणूवर. त्यानं आपलं भांडं हळूच पाठीमागं सरकवलं.

मग सोमी मानकऱ्याच्याच भांड्याशी गेली. त्या घरचं भांडं ठरलेलं असायचं. देवाच्या उंबराची पिकलेली फळं, अख्खीच्या अख्खी गुळाच्या पाकात मुरवलेली. ते पहिलं वाढायचं आणि न फोडता तोंडात टाकायचं. न फोडता का, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. उंबर फोडून केंबरं उडवू नयेत, असं आपण उगीच म्हणत नाही.

सोमीनं एक उंबर उचललं आणि दोन बोटांत धरून फोडलं. आत पाकात चिकटलेली काळी केंबरं, पंखांचे बारीक किडे. एक नाही, वीसपंचवीस. ती ते उंबर तळहातावर घेऊन पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. कुणी हसलं नाही. जे हसले असते त्यांनी दरवर्षी मागून मागून खाल्लेलं होतं.

"ते वेगळं," मानकरी म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ते देवाच्या झाडाचं आहे."

"तुम्ही खाली पडलेलं वेचलंत, मी वर चढून काढलं. झाड एकच आहे."

आता मानकऱ्यापुढं दोनच वाटा होत्या. आपल्या घरचं भांडं मातीत उपडं करायचं, नाहीतर सोमीचं चाखायचं. पत्रावळ्यांवरचा भात निवत चालला होता. एका कोपऱ्यातून म्हातारी भागीआजी ओरडली, "अरे बाळू, काय ते उरक. मला दात नाहीत, गार भात चावत नाही."

मानकऱ्यानं बोट बुडवलं. डोळे मिटून जिभेला लावलं. चेहरा चिंच खाल्ल्यासारखा झाला. सगळं गाव त्याच्या गळ्याकडं बघत होतं. त्यानं गिळलं, थोडा थांबला आणि पुन्हा एकदा बोट बुडवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला. "वाढा."

धाकलूनं भांडं वाढायला हात पुढं केला. सोमीनं ते दिलं नाही.

"आता काय?" मानकरी म्हणाला.

"चटणी चाखलीत. पण किडे खाणाऱ्या घरचं म्हणालात, तो शब्द अजून इथंच पडलाय. तो उचला, मग वाढते."

"सोमे, पुरे," धाकलू कळवळला. "लावणीला येतील आता सगळे."

"येऊ देत. मी त्यांना काय वाढायचं? ऐकलेला शब्द?"

ती उभीच राहिली. तिचे हात चाव्यांनी सुजलेले होते. मानकऱ्यानं एकदा उंबराकडं पाहिलं, एकदा त्या हातांकडं. चाळीस पत्रावळ्या त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यानं डोक्याचं मुंडासं काढून काखेत घेतलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "शब्द मागं घेतो."

"मीठ पुढच्या वर्षी तुम्ही आणा," सोमी म्हणाली आणि वाढायला वाकली. भागीआजीनं तीनदा घेतली. आषाढात धाकलूच्या शेतावर सतरा माणसं लावणीला आली आणि सगळ्यांत पुढं मुंडासं बांधून मानकरी होता.

तात्पर्य: दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडण्याआधी आपलं उंबर फोडून बघावं, आणि नाक मुरडून झालंच असेल, तर नुसतं खाऊन भागत नाही, बोललेला शब्द चारचौघांत मागं घ्यावा लागतो. गोष्टीतल्या मानकऱ्याला ते पत्रावळीवरचा भात निवायच्या आत जमलं. आमच्या ओटीवर बसून माझ्या बायकोच्या हातची हीच चटणी ज्यानं मांजरापुढं सरकवली आणि वर हसला, त्याला एकतीस वर्षांत जमलेलं नाही. ती बिचारी वाट बघून गेली. मी अजून आहे. बाई, त्याचं नाव गाळू नका: आत्माराम खडपे.