न दुखणारा पाय

"म्हणजे ही कुठली मुद्रा नव्हे?"

"नव्हे," आक्का म्हणाल्या. "हा मानेचा व्यायाम. तळहात कपाळाला लावायचा. कपाळानं हात रेटायचा आणि हातानं कपाळ. दोघांनीही जागा सोडायची नाही. दवाखान्यातल्या पोरीनं शिकवलं."

वासुदेव निंभोरकर उंबऱ्यातच थबकला. इतका वेळ तो ओट्यावरून हात जोडून हे सगळं भक्तिभावानं पाहत होता. आक्का एकांतातून काहीतरी नवी साधना घेऊन आल्या, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

मग त्याला गादीशेजारी पडलेला गळ्याचा पट्टा दिसला. पट्ट्याशेजारी गोळ्यांचं पाकीट.

"गोळ्याही घेता?"

"दुखतं तेव्हा घेते. जेवल्यावर. रिकाम्या पोटी घेतली की जळजळतं."

वासुदेवच्या अंगाचा तिळपापड झाला.

पूर्णेकाठच्या त्या लहानशा आश्रमात आक्का कित्येक वर्षं एकट्या राहत. गावोगावची माणसं त्यांना मानत, पण वासुदेवसारखं कुणी मानलं नसेल. तो वीज खात्यात लाइनमन होता. वादळात खांबावर चढणारा, पाच गावांत नाव असलेला. संध्याकाळी आश्रमात पोथी तोच वाची आणि अर्थही तोच सांगे, जरा चढ्या आवाजात.

पावसाळ्याआधी खांबावरून उतरताना त्याची कंबर धरली. मणक्यातली गादी सरकली होती. डाव्या कुल्ल्यापासून टाचेपर्यंत करंट उतरावा तशी कळ येई. एका डॉक्टरांनी गोळ्या, विश्रांती आणि व्यायाम सांगितला. दुसऱ्यांनी मणक्यात सुई सुचवली. वैद्यबुवांनी तेलाची बस्ती. शेजारगावचा हाड बसवणारा म्हणाला, पालथा झोप, कंबरेवर एक पाय देऊन मोकळं करतो.

वासुदेवनं सगळ्यांचं ऐकलं आणि कुणाचंच केलं नाही. 'देहाच्या फार नादी लागू नये' असं आक्का एकदा बोलून गेल्या होत्या. ते वाक्य त्यानं घरी नेलं आणि त्याचंच औषध केलं.

आक्का तेव्हा महिनाभर आश्रमात नव्हत्या. त्या एकांतात गेल्यात, असं वासुदेवनं पोथीसमोर बसून गावाला सांगितलं होतं. आणि आक्का तालुक्याला, दवाखान्याजवळ एका बाईंच्या घरी राहून मानेला शेक घेत होत्या!

"मी लोकांना काय सांगितलं, ठाऊक आहे तुम्हाला?" त्याचा आवाज चढला. "आक्का देहापलीकडे गेल्या म्हणून सांगितलं! आता तोंड कुठं दाखवू?"

"मला विचारून सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

"तुम्हीच म्हणालात, देहाच्या नादी लागू नये."

"म्हणाले असेन. तेव्हा माझी मान दुखत नव्हती."

वासुदेवला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. गुरूनं असं बोलू नये, असं त्याला वाटलं. उडवाउडवी आणि तीही देवघरात...

"मी मात्र तुमचा शब्द पाळला," तो म्हणाला. छाती पुढे काढायला गेला, पण कंबरेनं साथ दिली नाही. "रात्र रात्र कळ सोसली. एक गोळी घेतली नाही. आणि आक्का, फळ मिळालं. आता दुखत नाही."

"काहीच?"

"कंबर थोडी. पाय मुळीच नाही. गुडघ्याखाली पाय आहे की नाही, हेसुद्धा आठवत नाही. सोमवारी कामावर हजर होतोय. खांबावर."

आक्कांचा कपाळावरचा हात खाली आला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या दाराबाहेर पाहत होत्या.

"वासुदेवा, चपला कुठं काढल्यास?"

"बाहेर."

"एकच दिसते."

तो वळून पाहू लागला. ओट्याखाली उजव्या पायाची चप्पल होती. डाव्या पायाची नव्हती.

"माझ्याजवळ आहे," ओट्यावरून आवाज आला. सुलोचना, त्याची बायको, मागून चालत आली होती. तिच्या हातात धुळीनं भरलेली चप्पल होती. "ओढ्याजवळ निघाली पायातून. यांना कळलंच नाही. हाक मारली, तर म्हणाले, मधे बोलू नकोस, मी चिंतनात आहे."

"पाय दाखव," आक्का म्हणाल्या.

"आक्का, आपण देहाबद्दल..."

"पाय!"

हा आवाज वासुदेवनं कधी ऐकला नव्हता. तो भिंतीला धरून खाली बसला. सुलोचनानं त्याचा पाय सरळ करून दिला.

तळव्यात बाभळीचा काटा होता. मुळापर्यंत रुतलेला. भोवती रक्त सुकून त्यावर माती बसली होती.

आक्कांनी चिमटीत धरून काटा उपसला. ताजं रक्त आलं. वासुदेवची पापणीसुद्धा हलली नाही.

"पाहिलंत?" तो म्हणाला. "कळलंही नाही."

त्याच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

आक्का काटा तळहातावर घेऊन बसून राहिल्या.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" त्यांनी सुलोचनाला विचारलं.

"आधी गोळ्या, व्यायाम. बहुतेकांचं त्यातच भागतं म्हणाले. पण पाय बधिर झाला किंवा पंजा उचलेना, तर त्याच दिवशी या, ऑपरेशन लागेल. लघवी अडली तर रात्र असली तरी निघा." ती एका दमात बोलली. खूप वेळा बोलून झालेलं असावं. "लघवीचं ठीक आहे. पण पायाचं मी रोज म्हणते, आक्का. मला म्हणतात, तू देहबुद्धीची बाई."

"अंघोळीचं पाणी कोण उचलतं?"

"मी."

"याला उठवतं कोण?"

"मीच. माझीही कंबर आता..." ती थांबली.

आक्का वासुदेवकडे वळल्या. मान वळत नव्हती, म्हणून सगळ्या अंगानिशी वळल्या.

"देह तू सोडलास, होय? आणि उचलायला हिला लावलास!"

वासुदेवचा चेहरा लालबुंद झाला. बायकोसमोर! आणि ज्यांच्यासाठी आपण दातओठ खाऊन सोसलं, त्यांनीच असं बोलावं! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं.

"मग काय, कापून घेऊ?" तो जवळजवळ ओरडलाच. "मला चाकूखाली पाठवता, मग तुम्ही का नाही केलंत ऑपरेशन? तुम्हाला शेक आणि व्यायाम, आणि मला चाकू?"

आक्का लगेच रागावल्या नाहीत. प्रश्न रास्त होता.

"एक जण मला म्हणाला, उद्याच टेबलावर घेतो. एक जण म्हणाला, मान एका झटक्यात मोडून मोकळी करतो. तिसरी तालुक्याची डॉक्टरीण. मी तिघांना एकच विचारलं, हे नाही केलं तर काय होईल?"

"मग?"

"पहिला चिडला. दुसरा हसला. तिसरीनं उत्तर द्यायच्या आधी माझी मूठ आवळायला लावली. स्वतःची बोटं माझ्या मुठीत घालून ओढून पाहिली. म्हणाली, जोर आहे, थांबता येईल. व्यायाम करा. जोर गेला तर मात्र थांबू नका, मग ऑपरेशनच बरं." आक्कांनी मूठ उघडून मिटली. "जोर होता म्हणून मी थांबले. तुझा पायाचा अंगठा वर कर."

"हा काय..."

"कर."

वासुदेवनं अंगठ्याकडे पाहिलं.

अंगठा जागचा हलला नाही.

त्यानं पुन्हा जोर लावला. मांडी ताठ झाली, गुडघा हलला, कपाळावर घाम आला. उजव्या पायाची बोटं न सांगताच वर उठली. डावा पंजा गोणपाटासारखा पडून राहिला.

सुलोचनानं पदर तोंडाला लावला.

"वासुदेवा," आक्का हळू म्हणाल्या, "चालू समजत होतास त्या तारेला हात लागला आणि झटका बसला नाही, तर काय म्हणतोस?"

"लाइन गेली," तो सवयीनं म्हणाला.

आणि मग त्याला स्वतःचेच शब्द ऐकू आले.

नदीकडून कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं येत होतं...

"मी तर समजत होतो..." वासुदेव म्हणाला.

"सुलोचना, गाडी बोलाव. तू याला उचलायचं नाहीस. गाडीवाला उचलेल."

"मग इतके दिवस जे सोसलं, ते सगळं फुकट?" त्यानं विचारलं. अजूनही आवाजात राग होता, पण आता तो कुणावर काढावा ते त्याला कळत नव्हतं.

आक्का त्याच्या पायाला हळद लावत होत्या.

त्याच संध्याकाळी वासुदेव जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती झाला. फोटो काढल्यावर सर्जन म्हणाले, नस पार चेपली आहे, आता वाट पाहण्यात अर्थ नाही. ऑपरेशननं पाय परत येईलच अशी हमी देत नाही, जितका उशीर तितकी आशा कमी. वासुदेवनं आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी विचारलं, "आणि नाही केलं तर?" सर्जन खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी नीट सांगितलं. वासुदेवनं सही केली. सुलोचना शेजारी उभी होती. तिची कंबरही त्यानं त्याच डॉक्टरांना दाखवायला लावली. तिचं व्यायामावर भागलं.

ऑपरेशन झालं. कंबरेची कळ गेली. पाय तसाच राहिला.

खात्यानं त्याला खांबावरून उतरवून कचेरीत बसवलं. आश्रमात पोथी दुसराच कुणी वाचू लागला. वासुदेव रोज सकाळी पलंगाच्या काठाशी बसून अंगठ्याला हुकूम सोडी, आणि अंगठा ऐकत नसे. पंजा उचलून धरणारा पट्टा घालून तो चाले. शेजारपाजारचे म्हणत, हाडवाल्याकडे गेला असतास तर बरं झालं असतं. तो त्यांच्यावर खेकसे. मग एकटा असला की स्वतःवर.

आश्रमाकडे मात्र तो फिरकला नाही.

ज्वारी हुरड्यात आली, तेव्हा एका दुपारी तो आला. काठी टेकत, तणतणत. सुलोचना मागे नव्हती, बरोबरीनं चालत होती.

आक्का अंगणात कोबीचे वाफे पाहत होत्या. गळ्यात पट्टा नव्हता.

"आक्का, हे काय लावलंय?" त्यानं दंडवतसुद्धा केला नाही. "ऑपरेशन करा म्हणालात, केलं. डॉक्टर व्यायाम म्हणाले, रोज करतो. आणि आता हे! तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. मुंग्या काय, आग काय! चादर लागली तरी सुया टोचतात. ओरडतो मी, ही साक्षीला आहे. याच्यासाठी केला का एवढा अट्टहास?"

"कुठं टोचतं?"

"तळव्याला! अंगठ्याला!"

"उजव्या?"

"डाव्या, आक्का! डाव्या!"

आक्कांनी सुलोचनाकडे पाहिलं. सुलोचना हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिला वाटेतच कळलं असावं.

वासुदेव आळीपाळीनं दोघींकडे पाहू लागला. त्याचा संताप अनावर झाला.

"हसता काय? पाय दुखतोय माझा!"

"मग उभा काय राहिलास?" आक्का म्हणाल्या. "गावात गूळ वाट."