तात्यासाहेबांच्या मागे गुलाब

त्या चित्रपटाचे संवाद मी तपासत होते आणि निर्माते तात्यासाहेब घोरपडे यांचे एक वाक्य जसेच्या तसे उतरवून घेण्याचे कामही मीच केले.

दिग्दर्शक सुहास शिराळकर हा माझा जुना विद्यार्थी. तीस वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या प्रेमविनोदी चित्रपटात नायक गाणी म्हणत नायिकेच्या मागे गावभर हिंडला होता आणि शेवटी ती लाजली होती. या नव्या चित्रपटात मात्र नायिका मागे लागलेल्या नायकाला पहिल्याच भेटीत थांबवत होती.

"हा प्रसंग काढा," तात्यासाहेब म्हणाले. "मागे लागणंच नाही, तर लोक हसणार कशाला? बायकांनाही ते आवडतं. काढला नाहीत, तर उद्या दुसरा दिग्दर्शक आणतो."

दुसऱ्या दिवशी तात्यासाहेब स्टुडिओच्या दारात गाडीतून उतरले, तेव्हा चित्रपटाचा नायक निनाद गुलाब घेऊन उभा होता. गाणे गुणगुणत तो जिन्यापासून चहाच्या टेबलापर्यंत त्यांच्या मागे गेला.

शेवटी गुलाब हिसकावून घेत तात्यासाहेब कडाडले, "पुन्हा मागे आलास, तर पोलिसांना बोलावीन!"

सगळा स्टुडिओ खो-खो हसला.

"लाजा ना थोडं, तात्यासाहेब!" सुहास म्हणाला. "माझ्या नायिकेनं तीन गाणी सोसायची आणि तुम्हाला दहा मिनिटं सोसवेनात? आणि लोक हसले कधी, पाहिलंत ना? तुम्ही त्याला थांबवलंत तेव्हा."

मी तात्यासाहेबांचे पोलिसांचे वाक्य उतरवून घेतले आणि तपासले. त्यात एकही दुरुस्ती करावी लागली नाही.

प्रसंग राहील आणि नायिकेच्या तोंडी तेच वाक्य जाईल, असे ठरले. तात्यासाहेबांनी संमती दिली; गुलाब अजून त्यांच्याच हातात होता.