मानाचा चाबूक

एका गावात एक चाबूक राहायचा. तशी माणसंही राहायची, पण मान चाबकाला. त्याला चांदीची मूठ, बसायला पाट, आणि सणाला हळदकुंकू. माणसाला जेवला का म्हणून कुणी विचारायचं नाही, पण चाबकाला तेल लावलं का, हे पाटील रोज विचारायचा.

दर वर्षी जत्रेत माळावर घोड्यांची शर्यत व्हायची. जो जिंकेल त्याच्या घरी चाबूक वर्षभर राहणार, अशी रीत. आणखी एक रीत होती. शर्यत संपली की पाटील घोड्याच्या पाठीवरच्या वळांना हळद लावायचा. जितके जास्त वळ, तितका मालक मर्द! आता बोला. मार खायचा घोड्यानं आणि मिशीला पीळ द्यायचा यांनी.

त्याच गावात घोड्यांना नाल ठोकणारा एक लोहार होता. त्याची पोरगी भारी रागीट. तिच्या रागाला कारण होतं, आणि ते कारण लोहाराच्या दारातच बांधलेलं होतं. एक म्हातारी घोडी, एका डोळ्यानं आंधळी. पूर्वी ती पाटलाची होती. शर्यतीत चाबकाचं टोक डोळ्यात गेलं, डोळा फुटला. त्या दिवशी घोडी जिंकली होती बरं का! पाटलानं वळांना हळद लावली, फोटोला उभं राहतात तसा उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी लोहाराला म्हणाला, "ने हिला. आंधळं जनावर दारात शोभत नाही."

घोडी गाभण होती, ते पाटलाला ठाऊकच नव्हतं. शिंगरू जन्मलं ते थेट भट्टीशेजारी. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून नाव पडलं कवडी. ऐरणीवर घण पडायचा, ठिणग्या उडायच्या, आणि ही बया शेजारी खुशाल झोपायची. पोरीनं तिला वाढवलं, पळायला शिकवलं. चाबूक मात्र कधी दाखवलासुद्धा नाही.

कवडी वाऱ्यासारखी पळते हे पाटलाच्या कानावर गेलं आणि पाटील लोहाराच्या दारात हजर.

"लोहारा, घोडी माझी, तर पोटातलं शिंगरूही माझंच की रे!"

लोहार हात जोडून उभा राहिला. पोरगी पुढं आली.

"डोळा फुटला तेव्हा घोडी तुमची नव्हती वाटतं?"

"ए पोरी, तोंड सांभाळ! बाप बोलतोय ना?"

"बा कुठं बोलतोय? त्याची तर बोबडी वळलीय. म्हणून मी बोलते. शर्यतीत कवडी उतरवते, मी बसते, आणि चाबूक धरणार नाही."

पाटील इतका हसला की फेटा हलला. "बिनचाबकाचं घोडं पळतंय होय? अगं, आमच्या आज्यापणज्यानं हाणलं तेव्हा घोडी पळाली!"

"मग आज्यापणज्यालाच पळवायचं होतं ना, घोडी कशाला मध्ये आणली?"

शेजारी खुसखुसले. पाटलाचं तोंड लालबुंद झालं.

"ठरलं तर! हरलीस की कवडी माझ्या तबेल्यात. आणि तिला पहिला चाबूक तूच हाणायचास, सगळ्या जत्रेसमोर."

लोहार कळवळला. "पोरी, नको गं. माफी माग, मिटव."

पोरीनं आंधळ्या घोडीकडं पाहिलं. तिचे दात करकरले. "मंजूर," ती म्हणाली.

पाटील हसत घरी गेला खरा, पण त्याला झोप लागेना. पोरगी जिंकली तर? मग त्यानं डोकं लढवलं. डोकं होतं तेवढंच लढवलं म्हणा. गावातले जुने स्वार बोलावले आणि सांगितलं, "शेवटच्या चुन्याच्या रेघेवर दोन्ही बाजूंनी चाबूक घेऊन उभे राहा. पोरगी जवळ आली की हवेत कडाडा वाजवा. तिच्या घोडीनं चाबूक कधी ऐकला नाही. बुजेल, पोरगी आपटेल, आणि आपली रीत राहील."

"वा पाटील, वा!" सगळे म्हणाले. एकालाही पुढचं सुचलं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. शर्यत सुटली. पाटलाचा जावई काळ्या घोड्यावर बसून सपासप हाणत सुटला. बाकीचेही हाणत होते. पोरगी कवडीच्या मानेवर वाकून नुसती म्हणत होती, "चल माझे बाय, चल!" शेवटच्या टप्प्यात काळा घोडा पुढं, त्याच्या पाठीला लागून कवडी, आणि मागं बाकीचा धुरळा.

"वाजवा!" पाटील ओरडला.

कडाड! कडाड!

आणि काळा घोडा गर्रकन वळला.

वळेल नाही तर काय! त्या बिचाऱ्याला जन्मभर एकच गोष्ट शिकवली होती, चाबूक वाजला की त्याच्यापासून लांब पळायचं. आज चाबूक पुढं होता, म्हणून तो मागं पळाला. मागचे घोडेही वळले. जावई उडाला तो शेवचिवड्याच्या पालात. पाटील बोंबलत राहिला, "अरे इकडं! इकडं या!" घोडी कशाला येतात?

कवडीनं नुसता कान हलवला. घणाच्या आवाजात झोपणारी ती, तिला चाबकाचं काय! चाबकांच्या मधून दुडक्या चालीत गेली आणि रेघ ओलांडली.

पाटील मान खाली घालून चाबूक घेऊन आला. हळदीची वाटी सवयीनं हातात होतीच. त्यानं कवडीची पाठ पाहिली. एकही वळ नाही. वाटी तशीच हातात राहिली.

"लावा की हळद," पोरगी म्हणाली. "हिला नको असेल तर हिच्या आईच्या डोळ्याला लावा."

पोरगी जत्रेकडं वळली. मग ती मोठ्यानं म्हणाली, "चाबूक आता माझ्या घरी. ज्याला घोड्यावर हाणायचाय त्यानं न्यायला यावं. पण आधी एक स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. मी हाणेन, आणि वळाला हळदही मीच लावेन. मर्दांनी रांग लावा."

गावात मिशीवाले ढीगभर, पण वर्ष सरलं तरी दारात एकजण आला नाही. मग घरचा चाबूकसुद्धा घोड्यावर उगारायची लाज वाटू लागली, आणि पुढची शर्यत बिनचाबकाची झाली. मूठ विकून जनावरांसाठी हौद बांधला, आणि चामड्याचं ठिगळ लोहाराच्या भात्याला लागलं.

म्हातारी घोडी मात्र अजून कुणी हात वर केला की थरथरते, खाजवायला केला तरी. म्हणून पोरगी नेहमी चांगल्या डोळ्याच्या बाजूनं जाते, आणि हात खालूनच पुढं करते. तिचा राग काही गेलेला नाही. जाऊही नये.

तात्पर्य: मार खाऊन पळणारा जिंकायला पळत नसतो, तुमच्यापासून पळत असतो. आणि कुणी रीत सांगायला लागला की आधी बघा, वळ कुणाच्या पाठीवर आहेत.