दोन तारांचा सूर

मोटारसायकलच्या चाकांना तारा असायच्या आणि मेकॅनिक त्या वाजवून बघायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका चाकातली एक तार सैल पडली आणि चाक डुलू लागलं.

"तुझ्यामुळे चाक लंगडतंय गं," शेजारची ताठ तार म्हणाली. "आता चाचा तुला कापून फेकणार बघ!"

मेकॅनिक दाऊदचाचांनी चाक फिरवलं आणि एकेक तार पान्याने वाजवली. ताठ तार "टिंग!" करून मिरवली. सैल तार भीत भीत "थड" म्हणाली.

चाचांनी आधी ताठ तारच ढिली केली. "बाई, सगळी रिम तूच आपल्याकडे ओढलीस की!" मग त्यांनी सैल तारेला हलकेच पीळ दिला आणि दोघींना पुन्हा वाजवलं.

"यातला माझा आवाज कुठला गं?" ताठ तारेनं घाबरून विचारलं.

सैल तारेलाही ते ओळखता येईना. तिला हसूच आलं.