मात्को गवंडी आणि डोंगरवारा

एक होतं गाव. इथलं नव्हे, लांब क्रोएशिया नावाच्या मुलखातलं. समुद्राच्या काठाला पांढऱ्या दगडाची घरं, मधोमध उंच घंटाघर. पणज्यांच्या पणज्यांनी छिन्नीनं घडवलेलं. ए, पाय आवर. ऐकायचं तर नीट ऐका.

गावामागं डोंगर. त्यात राहायचा एक वारा, महा दांडगा. गावानं त्याच्या वाटेत भिंत घालायची ठरवली, म्हणून पेटला. म्हणाला, "तीनदा येईन. तिन्ही वेळा भिंत पडली, तर गाव ढकलीन समुद्रात!"

बांधणार कोण? मात्को गवंडी. हात सोन्याचे, डोकं दगडाचं, बरं का. "माझ्या भिंतीत सुई शिरणार नाही," म्हणाला. चुना दाबून दाबून भरला. मग वारा आला. फुंकर मारली. भिंत आडवी.

मग मात्कोनं दुप्पट जाड भिंत घातली. फट दिसली की कोंबला चुना. वाऱ्यानं खांदा लावला. भिंत आडवी, आणि घंटासुद्धा लोळली गल्लीत. लोक बोचकी बांधायला लागले. मात्को ढिगाऱ्यावर बसला. एवढं जुनं गाव आपल्यापायी बुडणार!

तिथं आली त्याची बायको येलेना. तिकडच्या बाया सुईदोऱ्यानं जाळी विणतात, नाजूक, नुसती भोकंच भोकं. तसला रुमाल तिनं त्याच्या पुढ्यात टाकला.

"अहो मिस्त्री, दोन्ही वेळा हा दोरीवर वाळत होता. तुमची भिंत गेली, ह्याचा दोरा तुटला नाही."

"रुमालाची अक्कल मला शिकवतेस?"

"त्याला आहे तेवढी तरी घ्या!"

मात्को गुरगुरला. पण रुमाल डोळ्यापुढं धरला, तर पलीकडचा समुद्र दिसला. मग उठलाच. "चुना फेका!" दगडावर दगड, मधे फट. पुन्हा दगड, पुन्हा फट. लोक म्हणाले, "गेलं ह्याचं डोकं."

मग वारा आला, डोंगर हलवत. खांदा लावायला गेला, तर या फटीत शिरला, त्या फटीतून निघाला. भिंत शंभर तोंडांनी शिट्ट्या मारायला लागली. वाऱ्याच्या झाल्या चिंध्या. पलीकडं निघाल्या इवल्या इवल्या झुळका, दमलेल्या. एवढा दांडगा गडी, पण कुणाची टोपीसुद्धा उडेना!

मात्को भिंतीवर चढून ओरडला, "ये की परत!" वारा कसला येतोय? गावानं घंटा टांगली, दणादणा बडवली, पोटभर मासे खाल्ले, लोक येलेनाला खांद्यावर घेऊन नाचले.

गाव अजून तिथंच आहे. माणसं मजेत आहेत. आता मिटा डोळे. कोण हसलं रे? झोप!