धाकू तांडेलाची लाज

आपल्या आज्यांचे आजे वाळूत खेळत होते, त्या काळातली ही गोष्ट. शेवरबंदरात तेव्हा धाकू नावाचा तांडेल होता. तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या. समुद्रात लांबवर जाळं सोडायचं आणि सगळ्या गावाने किनाऱ्यावरून दोर धरून ते ओढायचं, ती रापण. धाकूने हाळी दिली की माडावरचे नारळ गळून पडत, असं म्हणतात. गाव त्याच्या आवाजावर ओढायचं आणि त्याच्याच आवाजाला घाबरायचं.

एकदा बांगड्याचा असा थवा आला की पाणी काळं पडलं. जाळं भरलं, दोर ताणले. धाकूचा जबडा आवळला, श्वास छातीत अडकला, कानात नुसती घूं घूं. पण त्याला यातलं काहीच कळलं नाही. त्याला फक्त मासळी दिसत होती.

दोरावर सर्वांत पुढे त्याचा धाकटा भाऊ नारू होता. तो ओरडला, "दादा, दोर सैल कर! माझ्या पायाक दोराचो येढो बसलो!"

"वढ!" धाकू गरजला. "आळशाक दर खेपेक कायतरी होता!"

गावाने ओढलं. नारूचा पाय गुडघ्याखाली मोडला तो कायमचा.

त्याला उचलून नेलं तरी धाकू तिथेच उभा होता. नारूची बायको शेवंती जवळ आली. ती रडत नव्हती. म्हणाली, "भावोजी, मूठ उघडा. दोर अजून तुमच्या हातात आसा."

"उघडीच तर आसा," धाकू म्हणाला आणि त्याने खाली पाहिलं. मूठ दगडासारखी मिटलेली होती, नखं तळव्यात रुतून रक्त आलं होतं. सगळं गाव बघत होतं. ज्याला स्वतःचा हात कळत नाही, त्याच्या हाती आपण आपली माणसं दिली होती, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं धाकूला दिसलं. त्याची मान खाली गेली, ती पुन्हा वर आलीच नाही.

तो खाडीच्या तोंडाशी खोपटं बांधून राहिला. माणूस दिसलं की केतकीच्या बनात शिरायचा. सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहायचा आणि आपलं अंग चाचपायचा, जशी एखादी बाई अंधारात घर चाचपते. पाय कुठे आहेत? पोट घट्ट आहे का? जबडा? कित्येक पावसाळे त्याने एवढंच केलं. शेवटी त्याला तळपायांतून मासळीची चाहूल लागू लागली, आणि दोराला बोट लावलं की पलीकडच्या टोकाला कोणाचा हात थकलाय ते कळू लागलं, असं म्हणतात.

एक दिवस नारू कुबडीवर आला. "दादा, चल. रापण घालूची आसा."

"माका नको हाक मारू. माझ्या हातान तुझो पाय गेलो."

"म्हणानच तुका बोलवतंय," नारू म्हणाला. "दुसऱ्यांका अजून ठावक नाय, हात काय करतत ते."

धाकू गेला. थवा पुन्हा तसाच काळा आला. जाळं भरलं, आणि धाकूला जाणवलं की आपला जबडा आवळतोय. तो थांबला. श्वास सोडला. तेव्हा त्याच्या तळपायाखाली समुद्र कूस बदलताना त्याला कळला.

"सोडा!" तो हळूच म्हणाला. त्या हळू आवाजाला गाव इतकं दचकलं की सगळ्यांनी दोर सोडला.

दोर नागासारखा सळसळत गेला. वाळू फाडत, जाळं, मासळी, सगळं घेऊन समुद्राच्या पोटात गेला. माणूस मात्र एकही गेला नाही.

गाव धाकूच्या पाया पडायला धावलं. तो तोंड झाकून खाली बसला. "माझ्या पाया पडू नकात," तो म्हणाला. "सोडूक एक शब्द लागता. तेव्हाय एकच लागलो असतो."

नारू त्याच्या शेजारी वाळूत बसला.

शेवरबंदरात आजही रापण ओढण्याआधी तांडेल गुडघाभर पाण्यात उभा राहतो आणि आपलं अंग कुठे आवळलंय ते सगळ्यांदेखत मोठ्याने सांगतो. कोणी हसत नाही. अंग सैल होईपर्यंत दोराला कोणी शिवत नाही, मग मासळी निघून गेली तरी चालेल. गावकीच्या बैठकीत कोणाचा आवाज चढला, तर एखादी म्हातारी मागून म्हणते, "वायच थांब रे बाबा, धाकूची लाज घे." आणि बोलणारा बोलायचा थांबतो, आधी आपल्या हातांकडे बघतो.